देणगीचा हिशेब

शास्त्रपाठ : १ शमुवेल ८:१-३ आणि १२:१-५, करिंथकरांस दुसरे पत्र ८:१६-२१, निर्गम २३:८

पाठाचा उद्देश : निवडणुकीला उभा राहणारा मनुष्य कोणाच्या पैशावर उभा राहतो हे विचारणे ख्रिस्ती मतदाराचे कर्तव्य आहे, हे शास्त्राच्या आधारे समजून घेणे.

प्रास्ताविक

आमच्या मंडळीच्या दफनभूमीची भिंत एका पावसाळ्यात कोसळली. गुरे आत शिरू लागली. पुढे महानगरपालिकेची निवडणूक आली, तेव्हा एक उमेदवार पंचांकडे आले. भिंत आपण बांधून देऊ, मंडळीने फक्त आपली आठवण ठेवावी, असे ते म्हणाले. पैसा कोणाचा असे एका वृद्ध पंचाने विचारले. "माझे एक ठेकेदार मित्र आहेत," असे उत्तर आले. त्या रात्री पंचांच्या सभेत बराच वाद झाला. आपली मंडळी लहान, आपल्याला कोण विचारतो, मिळते ते घ्यावे, असे पुष्कळांचे म्हणणे होते. हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक मंडळीच्या दारी येतो, म्हणून हा पाठ.

१. शमुवेलाने हिशेब दिला

शमुवेल म्हातारा झाला होता. लोकांना राजा मिळाला होता. आता गुपचूप घरी बसावे तर त्याला कोणी अडवले नसते. परंतु तो सर्व इस्राएलापुढे उभा राहिला आणि आपण कोणाचा बैल वा गाढव घेतले, कोणावर जुलूम केला, कोणाकडून लाच घेतली ते सांगा, असे त्याने लोकांना विचारले. घेतले असेल तर परत करण्याचीही त्याची तयारी होती.

येथे आठवा अध्याय विसरू नये. त्याचेच मुलगे बैर-शेबा येथे न्यायाधीश असताना लाच घेत होते. म्हणजे ज्यांनी शमुवेलाच्या घरातलीच लाच पाहिली होती, त्या लोकांपुढे तो हिशेबाला उभा राहिला. आणखी एक गोष्ट पाहा. लोक गप्प राहिले नाहीत. त्यांनी उत्तर दिले आणि देवाला साक्षी ठेवून दिले. हिशेब देणे हे पुढाऱ्याचे काम, तसेच तो ऐकून साक्ष देणे हे लोकांचे काम आहे.

२. पौलाने सोबती घेतले

यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी गोळा केलेली वर्गणी मोठी होती. पौलाच्या प्रामाणिकपणाविषयी कोणी शंका घ्यावी असे नव्हते. तरी त्याने ती एकट्याने हाताळली नाही. तीताबरोबर आणखी दोन बंधू पाठवले, आणि त्यांतील एक तर मंडळ्यांनीच निवडलेला होता. देवापुढेच नव्हे, तर माणसांपुढेही व्यवहार चोख दिसावा, हा त्याचा हेतू होता.

म्हणून हिशेब मागणे म्हणजे अपमान करणे नव्हे. प्रेषिताने जो हिशेब आपण होऊन दिला, तो वॉर्डाच्या उमेदवाराकडे मागण्यात संकोच कसला?

३. कायदा काय म्हणतो

लोकसभा व विधानसभेच्या उमेदवाराला १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे खर्चाचा खरा हिशेब ठेवावा लागतो आणि निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल करावा लागतो. योग्य कारणाशिवाय तो न दिल्यास तीन वर्षे अपात्र ठरवता येते. पैसा स्वतःचा, पक्षाचा, की इतरांची देणगी वा कर्ज, हेही त्यात लिहावे लागते. एक रुपया शुल्क भरून कोणालाही तो हिशेब पाहता येतो.

ग्रामपंचायत, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या निवडणुका मात्र १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांपासून राज्य निवडणूक आयोगाकडे आहेत. त्यांचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या उमेदवाराने हिशेब दिला नाही तर पाच वर्षे अपात्रता येऊ शकते. गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात वा तेलंगणातील वाचकांनी आपल्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत नियम विचारून घ्यावा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साधा अर्ज करूनही दाखल झालेला हिशेब मागता येतो.

पक्षांना पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द करताना स्पष्ट केले. परंतु गल्लीतला व्यवहार रोख्यांनी होत नाही. मांडव एकाचा, जीपगाड्या दुसऱ्याच्या, जेवणावळी तिसऱ्याच्या. हा पैसा वहीत पुष्कळदा दिसत नाही. पुढे तो रस्त्याच्या ठेक्यातून वसूल होतो, आणि पहिल्याच पावसात रस्ता वाहून जातो. लाच डोळस माणसालाही आंधळे करते, असे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे ते हेच.

४. मंडळीने काय करावे

पहिले, मताच्या बदल्यात काही घेऊ नये. भारतीय न्याय संहितेप्रमाणे अशी लाच देणारा व घेणारा दोघेही दोषी ठरतात.

दुसरे, उपदेशपीठावरून कोणाचा प्रचार करू नये. १९८८ च्या कायद्याने धार्मिक संस्थेची जागा वा पैसा राजकीय कामासाठी वापरण्यास मनाई आहे. म्हणून उमेदवारांना प्रश्न विचारायचे तर वॉर्डातील शेजाऱ्यांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, बरोबर घेऊन बाहेरच्या जागी सभा भरवावी, आणि सर्व उमेदवारांना सारखेच बोलवावे.

तिसरे, प्रश्न साधे असावेत. तुम्हाला कोणी किती दिले? त्यांत महापालिकेचे ठेकेदार आहेत काय? निकालानंतर हिशेबाची प्रत आम्हाला दाखवाल काय? उत्तरे लिहून ठेवावीत आणि महिनाभराने पुन्हा विचारावे.

चौथे, आपली वही आधी उघडावी. मंडळीचा जमाखर्च वर्षानुवर्षे वाचला जात नसेल, किंवा पंचांच्या निवडणुकीत चहापाण्यावर मते फिरत असतील, तर डोळ्यातील मुसळ आपलेच आहे.

समारोप

आमच्या पंचांनी त्या उमेदवारांना नम्रपणे कळवले की, निवडणुकीनंतर आपण स्वतःच्या नावाने देणगी द्यावी. पावती मिळेल आणि उपासनेत ती वाचली जाईल. ते पुन्हा आले नाहीत, पण निवडून आले. दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्याचा दिवा काही महिने बंदच राहिला आणि काही बंधूंनी पंचांना दोष दिला. भिंत मंडळीच्या वर्गणीतून दोन हप्त्यांत झाली. दिव्यासाठी आम्ही अर्ज केला, मग दुसरा केला, आणि तो लागला. तो आमचा हक्क होता, कोणाचा उपकार नव्हे. त्याच नगरसेवकांकडे जाऊन आम्ही त्यांच्या खर्चाचा हिशेबही मागितला. तो मागताना आमची मान खाली नव्हती, कारण आमच्याकडे त्यांचे काही नव्हते.

चर्चेसाठी प्रश्न

१. शमुवेलाच्या प्रश्नाला लोकांनी उत्तर दिले नसते तर काय झाले असते?
२. आपल्या मंडळीने कोणाची देणगी अशी घेतली आहे काय, की जिच्यामुळे आज आपल्याला गप्प बसावे लागते?
३. येत्या निवडणुकीत आपल्या वॉर्डातील उमेदवारांना कोणते तीन प्रश्न विचाराल, आणि कोण विचारील?

प्रार्थना : हे न्यायी पित्या, आम्हाला निर्मळ हात दे, आणि विचारण्याचे धैर्य दे. आमेन.