घट्ट पकडीच्या औषधाचं मोजमाप : आयटीसीवरची स्पर्धात्मक चाचणी

मावळ-लोणावळ्यातून हिमालयात जाणाऱ्या गिर्यारोहकांच्या औषधपेटीत ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या अनेकदा असतात. हे औषध कार्बोनिक अनहायड्रेज या एन्झाइमला घट्ट धरतं. आयटीसी (आयसोथर्मल टायट्रेशन कॅलोरिमेट्री) यंत्रावर ही पकड सरळ मोजायला गेलं, तर आलेख जवळजवळ उभा येतो. उष्णता कळते, पकड कळत नाही. म्हणून एन्झाइमवर आधी सैल पकडीचा रेणू बसवायचा आणि औषधाला तो हटवायला लावायचा.

साहित्य : कार्बोनिक अनहायड्रेज २, ॲसिटाझोलामाइड, ४-कार्बॉक्सीबेंझीनसल्फोनामाइड (सैल रेणू), फॉस्फेट बफर (सामू ७.४), डीएमएसओ.

कृती

१. एन्झाइमचं डायलिसिस करा. शेवटचा बफर टाकू नका. दोन्ही रेणूंची द्रावणं त्यातच करा. डीएमएसओ सेल आणि सिरिंज दोन्हीकडे नेमकं २ टक्के ठेवा. थोडा फरक पडला, तरी मिसळण्याची उष्णता खऱ्या उष्णतेला झाकून टाकते.

२. यंत्र पुण्यात असेल, तर लोकलने जाताना एन्झाइम बर्फात ठेवा आणि तोच बफर सोबत न्या. लोणावळ्याच्या पावसाळी हवेत पावडर ओल धरते. त्यामुळे एन्झाइमची संहती वजनावरून न धरता २८० नॅनोमीटरच्या शोषणावरून काढा.

३. २५ अंश सेल्सिअसला सैल रेणू आणि औषध एन्झाइमवर वेगवेगळे मोजून पाहा. सैल रेणूचा वियोजन स्थिरांक १ मायक्रोमोलरच्या आसपास यायला हवा. दोघांची उष्णता जवळपास सारखी आली, तर स्पर्धेत शिखरं दिसणारच नाहीत. मग सल्फानिलामाइडसारखा दुसरा सैल रेणू निवडा.

४. २०० मायक्रोलिटरच्या सेलमध्ये २० मायक्रोमोलर एन्झाइम आणि ७० मायक्रोमोलर सैल रेणू यांचं मिश्रण भरा. सुई तळाशी टेकवून हळू सोडा, बुडबुडा राहू देऊ नका.

५. सिरिंजमध्ये २०० मायक्रोमोलर औषध घ्या. पहिला डोस ०.४ मायक्रोलिटर (हिशेबात धरू नका), पुढचे १९ डोस २ मायक्रोलिटरचे, दर १५० सेकंदांनी.

६. एन्झाइम वगळून हाच प्रयोग करा आणि ती उष्णता वजा करा.

७. आता हिशेब. सुमारे ५० मायक्रोमोलर सैल रेणू मोकळा असतो, म्हणून भागाकाराचा आकडा १ + ५०/१ = ५१. स्पर्धेत औषधाचा दिसणारा वियोजन स्थिरांक १ मायक्रोमोलर आला, तर खरा सुमारे २० नॅनोमोलर. हा अंदाज झाला; अंतिम आकडा सॉफ्टवेअरच्या स्पर्धात्मक मॉडेलमधूनच घ्या, कारण हटलेले रेणू मोकळ्यांत मिसळत जातात.

८. शेवटी सैल रेणू १२० मायक्रोमोलर घेऊन सगळं पुन्हा करा. दिसणारा स्थिरांक दुप्पट व्हावा, खरा मात्र तोच राहावा. तसं झालं, तरच आकडा वहीत पक्का लिहा.