अभ्यासक्रम कोणी आखावा? : डेन्व्हरच्या शाळांचा धडा

आपल्या न्यासाच्या मराठी वर्गातील एका मुलाने निबंधात लिहिले, 'मला शिक्षा फार आवडते.' वर्गात हशा पिकला आणि मुलगा गोंधळून गेला. इंदुरात दिवसभर त्याच्या कानी हिंदी पडते आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. 'चेष्टा' आणि 'राग' या शब्दांचीही तीच गत. दोष मुलाचा नव्हे. त्याच्या हातातील पुस्तक मराठी मुलखात राहणाऱ्या मुलासाठी लिहिलेले आहे. मग आपल्या मुलांना काय शिकवावे व कोणत्या क्रमाने, हे ठरवावे कोणी? या प्रश्नाला अमेरिकेतील डेन्व्हर शहराने दिलेले उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत सार्वजनिक शाळांचा कारभार बहुतेक ठिकाणी 'शाळा-जिल्हा' पाहतो. हा आपल्याकडील कलेक्टरचा जिल्हा नव्हे. तो केवळ शाळांपुरता असतो आणि त्याचे शिक्षणमंडळ बहुधा लोकांनी निवडलेले असते. डेन्व्हर ज्या कोलोरॅडो राज्यात आहे, त्याच्या १८७६ च्या राज्यघटनेने अध्यापनावरील नियंत्रण या स्थानिक मंडळांकडे दिले आणि राज्याने पाठ्यपुस्तके नेमून देऊ नयेत असेही बजावले. आज राज्य अपेक्षित पातळी ठरवते. तेथवर पोहोचण्याची वाट जिल्ह्याने आखावयाची असते.

१९२० साली जेसी न्यूलॉन हे डेन्व्हरच्या शाळांचे प्रमुख झाले. त्या काळी अभ्यासक्रम कचेरीत तयार होई आणि शिक्षकाने तो मुकाट्याने राबवावा अशी रीत होती. न्यूलॉन यांचे म्हणणे असे की, ज्याने अभ्यासक्रमाचा विचार केलेला नाही, त्याच्या हातून तो जिवंतपणे शिकवला जाणार नाही.

म्हणून त्यांनी विषयवार व शाळेच्या पातळीनुसार शिक्षकांच्याच समित्या नेमल्या. शाळा सुटल्यावर थकलेल्या शिक्षकांकडून हे काम नीट होत नाही, असे दिसून आले. तेव्हा मंडळाकडून पैसा मंजूर करून घेतला, वर्गांवर बदली शिक्षक दिले आणि समितीतील शिक्षकांना कामाच्या वेळातच मोकळीक दिली. विद्यापीठांतील जाणकारांचा सल्ला घेतला, पण लेखणी शिक्षकांच्याच हाती राहिली. तयार झालेला मसुदा वर्गात वापरून पाहावयाचा, अडचणी टिपावयाच्या व पुन्हा दुरुस्त करावयाचा, असा क्रम होता. अभ्यासक्रम कायमचा पुरा झाला, असे त्यांनी कधी मानले नाही.

दुसरी गोष्ट वाटून देण्याची. डेन्व्हरने हे अभ्यासक्रम पुस्तिकांच्या रूपाने छापले आणि ते दूरदूरच्या शाळा-जिल्ह्यांत गेले. पुढे साधने बदलली. न्यूयॉर्क राज्याने २०११ पासून आपले पाठ संगणकाच्या जाळ्यावर विनामूल्य ठेवले, तेव्हा इतर राज्यांतील शिक्षकांनीही ते उतरवून घेतले.

मात्र यात एक धोका आहे. दुसऱ्याचा अभ्यासक्रम आयता मिळाला म्हणजे विचार करण्याचे श्रम वाचले, असे वाटू लागते. डेन्व्हरची पुस्तिका इतरांना मिळू शकली. ती लिहिताना तेथील शिक्षकांत जी जाण आली, ती काही पुस्तिकेबरोबर पाठवता आली नाही. उसना अभ्यासक्रम आपल्या वर्गात पारखून घ्यावाच लागतो.

आपला न्यास म्हणजे शाळा-जिल्हा नव्हे, आपला पैसाही बेताचा. तरी तीन गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत. एक, मराठी वर्ग घेणाऱ्या शिक्षकांनी वर्षातून काही दिवस एकत्र बसून, आपली मुले कोठे अडखळतात याची टिपणे जुळवावी. 'शिक्षा' या एका शब्दापासूनही आरंभ करता येईल. दोन, त्या दिवसांचे मानधन न्यासाने द्यावे. हे काम फुकटचे समजू नये. तीन, तयार झालेले पाठ ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी संस्थांकडे पाठवावे आणि त्यांचे मागवावे. वडोदऱ्याचे मूल गुजरातीत अडखळेल, हैदराबादचे तेलुगूत. त्यांनी आपले पाठ आपापल्या परीने बदलावे.

महोत्सवात आपण इमारतीचा हिशेब मांडतो, तो योग्यच आहे. पण घरातील मराठी पुढील पिढीपर्यंत टिकावयाची, तर त्या इमारतीत काय शिकवले जाते याचाही हिशेब आपणच मांडला पाहिजे. तो मांडणारे दुसरे कोणी नाही.