जोंगाच्या विजेच्या तारा

जबलपूर येथे तोफगाड्यांचा कारखाना १९०४ साली सुरू झाला. त्यानंतर पासष्ट वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याच शहरात सैन्यासाठी मोटारवाहने बनविणारा कारखाना उभा राहिला. जपानच्या निस्सान कंपनीच्या परवान्यानुसार तयार झालेली ‘जोंगा’ ही गाडी १९९९ पर्यंत निर्माण होत होती. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले, असे सांगितले जाते. सैन्याने काढून टाकलेल्या कित्येक जोंगा पुढे लिलावात विकल्या गेल्या आणि हौशी लोक आजही त्यांची दुरुस्ती करून त्या रस्त्यावर आणतात.

अशा गाडीच्या इंजिनाकडे, पत्र्याकडे आणि रंगाकडे मालकाचे लक्ष सर्वप्रथम जाते. तारा दृष्टीआड असल्यामुळे त्यांची पाळी शेवटी येते. वस्तुतः जुन्या गाडीला आग लागण्याचे एक प्रमुख कारण याच तारांमध्ये दडलेले असते.

गाडीतील तारा सुट्या नसतात. त्यांची एक जुडी बांधलेली असते आणि तिलाच कारागीर ‘हार्नेस’ म्हणतात. तारेवरील पीव्हीसीचे वेष्टन मऊ राहावे म्हणून त्यात काही द्रव्ये मिसळलेली असतात. इंजिनाच्या उष्णतेने ती हळूहळू उडून जातात. मग वेष्टन कडक होते, वाकविताच तडकते. चाळीस अंशांच्या वर जाणारा जबलपूरचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा या क्रियेला हातभारच लावतात. तड्यांतून ओलावा शिरला, की तांबे काळे वा हिरवे पडते. उंदरांनी केलेले नुकसान वेगळेच.

याचा परिणाम किती होतो, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. १२ व्होल्टच्या गाडीतील ६० वॉटचा दिवा ५ अँपिअर प्रवाह घेतो. गंजलेल्या जोडांचा रोध केवळ ०.२ ओहम असला, तरी १ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो आणि दिव्याचा उजेड जवळजवळ एक चतुर्थांशाने घटतो. शिवाय त्या जोडांपाशी ५ वॉट उष्णता सतत निर्माण होत राहते. दिवा मंद झाला म्हणून अधिक वॉटचा दिवा बसविणारा मालक प्रवाह वाढवून ही उष्णता आणखी वाढवितो.

वेष्टन फाटून तार चासीला टेकली, तर संकट याहून मोठे असते. मोटारीची बॅटरी क्षणभर शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. फ्यूज हा दिव्याच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्या काळच्या अनेक गाड्यांत फ्यूज मोजकेच असत. काही मंडलांना तर ते मुळीच नसत.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे जोड सोडवावेत आणि ती १२ व्होल्टची आहे की २४ व्होल्टची, हे पाहावे; लष्करी वाहनांत दोन्ही प्रकार आढळतात. नंतर प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून जुनी जुडी शक्यतो अखंड बाहेर काढावी. ती कितीही जीर्ण असली, तरी तिच्याइतका विश्वासार्ह नकाशा दुसरा नाही. मात्र मधल्या मालकांनी जोडलेल्या उपऱ्या तारा तेवढ्या ओळखून वगळाव्यात. प्लायवुडच्या फळीवर ती पसरून जेथे जेथे फाटा फुटतो तेथे खिळे ठोकावेत. त्या खिळ्यांच्या आधारे नवी जुडी तंतोतंत त्याच मापाची बनते. तारांचे रंग मूळचेच ठेवावेत, म्हणजे पुढे दोष शोधणाऱ्याची दिशाभूल होत नाही. बाजूच्या लहान दिव्यांना १ चौरस मिलिमीटरची तार पुरते. पुढच्या मोठ्या दिव्यांना २ चौरस मिलिमीटरची घ्यावी. टोके योग्य पकडीने दाबून बसवावीत. केवळ डाख दिलेला जोड ताठर होतो, आणि इंजिनाच्या कंपनाने डाखाच्या कडेशीच तार तुटते.

लष्करी गाड्यांत शत्रूला उजेड दिसू नये म्हणून झाकलेल्या दिव्यांचे स्वतंत्र मंडल असते. नागरी वापरात ते निरुपयोगी म्हणून काढून टाकावे, असे काही कारागीर सुचवितात. परंतु ते गेले, की गाडीच्या पूर्वायुष्याची एक खूणच पुसली जाते. ते राखावे, फ्यूज आणि रिले मात्र डॅशबोर्डमागे, नजरेस न पडतील असे अवश्य वाढवावेत. मूळ रूपाचा आग्रह आगीचा धोका पत्करण्यापर्यंत नेण्यात अर्थ नाही.

नवा रंग दिलेल्या गाडीत एक विचित्र अडचण येते. सर्व तारा नव्या असूनही दिवे लागत नाहीत, कारण प्रवाह ज्या पत्र्यातून परत जावयाचा त्यावर रंगाचा थर बसलेला असतो. संपर्काच्या जागी रंग खरवडून धातू उघडा करावा आणि जोडल्यावर त्यावर ग्रीस लावावे. इंजिन व चासी यांना जोडणारा जाड पट्टाही विसरू नये. तो नसला, तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल जळते.

जुडी बसविताना ती निष्कास नळीपासून दूर ठेवावी आणि पत्र्यातील प्रत्येक छिद्रात रबरी कडे घालावे. त्यानंतर बॅटरी एकदम जोडू नये. तिच्या ऋण टोकाच्या वाटेत तितक्याच व्होल्टचा एक दिवा जोडावा आणि गाडीतील सर्व बटने बंद ठेवावीत. दिवा झगझगीत लागला, तर कोठेतरी तार चासीला टेकली आहे असे समजावे. या दिव्यामुळे प्रवाह मर्यादित राहतो व जुडी जळत नाही. दोष दूर होऊन दिवा विझला, की तो काढून बॅटरी थेट जोडावी, एकेक मंडल काही मिनिटे चालू ठेवावे आणि त्याचे जोड हाताने चाचपून पाहावेत. जो जोड गरम लागेल, तो पुन्हा करावा.