सावली काळी असते काय?

विद्यार्थिमित्रहो, वैशाखांतील दुपारीं पेण-रोह्याकडील आमराईंत घरची मंडळी विसावलेली असते. हें दृश्य रंगवावयास बसलों, म्हणजे आपण पानें हिरवीं, धोतरें पांढरीं आणि सावली काळी करून मोकळे होतों. परंतु सावली खरोखर काळी असते काय? आम्हांस या प्रश्नाचें उत्तर एका प्रसिद्ध चित्रांत सांपडलें.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारानें १८६६ सालीं ‘बागेंतील स्त्रिया’ हें चित्र आरंभिलें. चित्र आठ फुटांहून अधिक उंच. एवढीं मोठीं चित्रें चित्रशाळेंतच पुरीं करण्याचा त्या काळीं प्रघात होता. मोनेनें तें उघड्या बागेंत रंगवावयास घेतलें. वरचा भाग हाताशीं यावा म्हणून त्यानें जमिनींत चर खणला व कप्पीच्या साह्यानें चित्र त्यांत खालीं सोडण्याची सोय केली.

चित्रांत चार स्त्रिया आहेत. एक छत्री धरून भुईवर बसली आहे. तिच्या पांढऱ्या झग्यावर सावली पडली आहे. ती निरखून पाहिली, म्हणजे तींत निळसर छटा दिसते. सावलींत ऊन पोंचत नसलें, तरी आकाशाचा व भोवतालच्या पानांचा उजेड तेथें पोंचतच असतो. मोनेनें ऐकींव रंग सोडून डोळ्यांस दिसला तो रंग घातला.

१८६७ सालीं पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनीं हें चित्र नाकारलें. कुंचल्याचे ठळक फटकारे व साधा विषय त्यांस रुचला नाहीं. बाझील या चित्रकार मित्रानें तें २,५०० फ्रँकांस, दरमहा ५० फ्रँकांच्या हप्त्यांनीं, घेऊन मोनेस आधार दिला. तेंच चित्र १९२१ सालीं फ्रेंच सरकारनें २,००,००० फ्रँकांस विकत घेतलें.

आपल्याकडेही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापुरास रंकाळा व कोटितीर्थ यांच्या परिसराचीं निसर्गचित्रें रंगवीत.

मित्रहो, येत्या सुट्टींत एक धुतलेला पंचा प्रथम घराच्या व मग आंब्याच्या सावलींत पसरून पाहा. एके ठिकाणीं निळसर, दुसरीकडे हिरवट झांक दिसेल. पेणेस गणपतींच्या कारखान्यांत कारागीर पीतांबराच्या चुण्यांत कोणता रंग भरतात, तेंही निरखा. आणि पालकांस आमची विनंती एवढीच, कीं मुलानें सावली निळी रंगविली, तर ‘चूक’ म्हणण्यापूर्वीं त्याच्यासह एकदां अंगणांत जावें.