बिटबेकमध्ये व्हेरिएबलचा माग कसा काढावा

योक्टो या एम्बेडेड लिनक्स बनवण्याच्या प्रकल्पावर नव्याने काम करणारे बहुतेक जण लोकल.कॉन्फ ही फाईल उघडतात, तिच्यात एक ओळ घालतात आणि बिल्ड लावून देतात. पहिला बिल्ड कित्येक तास चालतो, आणि मग कळतं की त्या ओळीचा काही उपयोगच झाला नाही. व्हेरिएबलचं मूल्य एका फाईलमध्ये ठरत नाही. अनेक फाईली त्याला हात लावतात आणि शेवटी जे उरतं तेच खरं. म्हणून आधी बिटबेकला, म्हणजे योक्टोच्या बिल्ड साधनाला विचारावं, मग लिहावं.

उदाहरण म्हणून कोअर-इमेज-बेस या इमेजमध्ये ईथटूल हे नेटवर्क तपासायचं साधन घालू. खाली सगळी नावं देवनागरीत आहेत. फाईलमध्ये ती रोमन लिपीत लिहायची. व्हेरिएबलची नावं मोठ्या अक्षरांत.

पहिली पायरी: पोकी या योक्टोच्या संदर्भ डिस्ट्रोच्या फोल्डरमधली ओई-इनिट-बिल्ड-एनव्ही ही स्क्रिप्ट चालू शेलमध्येच सोर्स करा. नुसती चालवली तर बिटबेकची कमांड सापडणार नाही.

दुसरी पायरी: मूल्य विचारा. अलीकडच्या आवृत्त्यांत कमांड अशी: बिटबेक-गेटव्हार -आर कोअर-इमेज-बेस इमेज_इन्स्टॉल. यातला -आर गाळू नका. तो नसेल तर फक्त कॉन्फिगरेशन फाईलींपुरतं उत्तर मिळतं, आणि हे व्हेरिएबल तर रेसिपीच्या क्लासमध्ये ठरतं. जुन्या आवृत्तीत बिटबेक -ई कोअर-इमेज-बेस चालवा, भलंमोठं आउटपुट फाईलमध्ये साठवा आणि त्यात ते नाव शोधा.

तिसरी पायरी म्हणजे उत्तर वाचणं, आणि इथे घाई करू नये. मूल्याच्या वर # ने सुरू होणाऱ्या ओळी असतात. कोणत्या फाईलने, कितव्या ओळीत, काय केलं हे त्या क्रमाने सांगतात. हा क्रम समजायला वाचनाचा क्रम माहीत हवा. आधी बीबीलेयर्स.कॉन्फ, मग प्रत्येक लेयरची लेयर.कॉन्फ, मग बिटबेक.कॉन्फ, ती लोकल.कॉन्फ, मशीनची फाईल आणि डिस्ट्रोची फाईल याच क्रमाने ओढून घेते. रेसिपी आणि तिचे क्लास त्यानंतर. म्हणजे लोकल.कॉन्फमध्ये = लावून दिलेलं मूल्य डिस्ट्रोची फाईल किंवा रेसिपी आपल्या = ने सहज पुसू शकते.

चौथी पायरी: योग्य चिन्ह निवडा. ?= फक्त आधी मूल्य नसेल तरच लागू होतं. ??= सर्वांत दुबळं; दुसऱ्या कुणीच काही दिलं नाही तर त्याचा विचार होतो. लोकल.कॉन्फमध्ये मशीन हे व्हेरिएबल असंच लिहिलेलं असतं, म्हणून कमांडच्या आधी मशीनचं नाव देऊनही ते बदलता येतं. := आतली व्हेरिएबल तिथल्या तिथे उलगडतं, तर = मध्ये ती वापराच्या वेळी उलगडतात.

खरा घोळ += मध्ये होतो. कोअर-इमेज क्लासमध्ये इमेज_इन्स्टॉल ला ?= ने मूल्य दिलेलं आहे. लोकल.कॉन्फमध्ये त्यालाच += ने ईथटूल जोडलं, तर क्लास वाचेपर्यंत व्हेरिएबलला मूल्य मिळून गेलेलं असतं. मग ?= गप्प बसतं आणि इमेजमधून बूटसाठी लागणारी पॅकेजेसच गळतात. कोअर-इमेज-मिनिमलमध्ये उलट होतं: तिथे रेसिपी थेट = वापरते, म्हणून आपलं ईथटूलच पुसलं जातं. एकच ओळ, दोन इमेज, दोन वेगळे बिघाड!

म्हणून लोकल.कॉन्फमध्ये इमेज_इन्स्टॉल:अपेंड = " ईथटूल" असं लिहा. अपेंड सगळं वाचून झाल्यावर लागू होतं. अवतरणचिन्हानंतरची मोकळी जागा मात्र विसरू नका. अपेंड स्वतः जागा सोडत नाही, आणि मग दोन पॅकेजांची नावं चिकटून एक न सापडणारं नाव तयार होतं. यादीतून नाव काढणारं :रिमूव्ह जपून वापरा. ते अपेंडच्याही नंतर लागू होतं आणि दुसऱ्या लेयरला ते परतवणं अवघड जातं.

पाचवी पायरी, बदल एकाच मशीनपुरता, समजा क्यूईएमयूएआरएम६४ पुरता, हवा असेल तर: इमेज_इन्स्टॉल:अपेंड:क्यूईएमयूएआरएम६४ असं लिहा. अपेंड न लिहिता मशीनच्या नावापुढे += लावलंत, तर त्या मशीनसाठी मूळ यादीच बदलली जाते. योक्टोच्या ऑक्टोबर २०२१ मधल्या ३.४ आवृत्तीपासून अपेंड आणि मशीनच्या नावाआधी कोलन आला. त्याआधी अधोरेषा होती. जुना लेयर नव्या आवृत्तीवर आणताना हे आधी तपासा.

आता दुसऱ्या पायरीतली कमांड पुन्हा चालवा. यादीत ईथटूल आणि मूळ पॅकेजेस दोन्ही दिसली, तरच बिल्ड लावा. बिल्ड झाल्यावर टीएमपी/डिप्लॉय/इमेजेस खालच्या मॅनिफेस्ट फाईलमध्ये पॅकेजचं नाव पाहा.

प्रयोग जमला की ही ओळ लोकल.कॉन्फमध्ये ठेवू नका. ती फाईल सहसा तुमच्याच संगणकावर राहते, सहकाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. आपल्या लेयरमध्ये नवी इमेज रेसिपी करा, तिच्यात रिक्वायरने कोअर-इमेज-बेसची रेसिपी घ्या आणि त्याखाली इमेज_इन्स्टॉल += "ईथटूल" लिहा. इथे += बिनधास्त चालतं, कारण या ओळीपर्यंत येताना क्लासने आपलं मूल्य देऊन झालेलं असतं.