ठेवीवरचं कार्ड आणि ‘सेटल्ड’चा शेरा

‘ताई, निम्म्या पैशात सेटलमेंट करून टाका, फाईल कायमची बंद होते,’ असं वसुलीवाला फोनवर म्हणाला, आणि त्याने शब्द पाळला. फोन थांबले, दारात येणारी माणसं थांबली. त्यांच्या लेखी फाईल खरोखरच बंद झाली. माझ्या सिबिल अहवालात मात्र त्या खात्यासमोर ‘सेटल्ड’ असा शेरा बसला. पुढे कर्ज देणारा कुणीही तो वाचतो तेव्हा एवढंच समजतो, की या बाईने घेतलेले सगळे पैसे परत केलेले नाहीत. ही गोष्ट फोनवरच्या माणसाने सांगितली नाही. खोटं बोलला असंही नाही. मी विचारलं नव्हतं आणि सांगणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

सांगलीत आमचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. कोऱ्या पत्रिका शिवकाशीहून येतात, मजकूर आम्ही छापतो. लग्नसराईच्या आधी माल भरून ठेवावा लागतो, आणि 2020 च्या फेब्रुवारीत तो भरून ठेवला होता, बराचसा क्रेडिट कार्डावर. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आधी पन्नास माणसांत लग्नं लागू लागली. 2021 च्या एप्रिलमध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तास, एवढ्यात सगळं उरकायचा आदेश निघाला. पंचवीस माणसांना कोण पत्रिका छापतं? मोबाइलवर एक चित्र पाठवलं की झालं आमंत्रण.

रिझर्व्ह बँकेने 2020 च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, ती आम्ही घेतली. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही, हे सप्टेंबरच्या स्टेटमेंटमध्ये दिसलं. मग मी कार्डाची फक्त ‘किमान देय रक्कम’ भरत राहिले. हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. एक लाख थकलेत, महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे साडेतीन हजार. त्यावर अठरा टक्के जीएसटी, 630 रुपये. पाच टक्क्यांनी किमान रक्कम आली पाच हजार. त्यातले 4,130 व्याजात आणि करात गेले. मुद्दल कमी झालं 870 रुपयांनी. आणि मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही; ज्या दिवशी कार्ड चालवलं त्या दिवसापासून व्याज. पुढे किमान रक्कमही जमेना, आणि मग तो फोन आला.

याच काळात एका पतसंस्थेचं कर्ज आम्ही एकही हप्ता न चुकवता फेडलं. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी यायचे, गल्ला कितीही हलका असला तरी त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही असा घरात नियमच होता. भिशीही चालू होती. गावात आमची पत होती आणि आजही आहे. पण बहुतेक पतसंस्थांची माहिती सिबिलसारख्या कंपन्यांकडे जातच नाही, भिशीचा तर प्रश्नच नाही. ज्यांच्याशी आम्ही चोख वागलो त्यांची नोंद कुठेच नव्हती, आणि जिथे चुकलो तेवढीच होती. आपल्याकडच्या कितीतरी दुकानदारांचं, कारागिरांचं हेच चित्र असेल. जामीनदारांचं दुखणं तर याहून वाईट. मेहुण्याच्या कर्जाला सही दिलेली असते, हप्ते थकवतो तो, आणि डाग आपल्याही अहवालावर येतो, कारण जामीन राहिलेलं कर्ज तिथे आपल्या नावावरही दिसतं.

धंदा पुन्हा उभा राहिला तेव्हा नव्या मशीनसाठी कर्ज मागायला गेलो. मॅनेजरसाहेब भले. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, ‘वहिनी, तुम्हीच बघा.’ सिबिलचा स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो. माझा सहाशेच्याही खाली होता. बँकांना साधारण साडेसातशेच्या पुढचा आवडतो.

त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडला. ‘दहा हजार द्या, महिन्यात सिबिल क्लिअर करून देतो’ असं म्हणणारेही भेटले. यांना दारात उभं करू नका. अहवालातली खरी माहिती पुसायचा अधिकार कुणाला नाही, आणि चुकीची माहिती दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही. आपल्या देशात कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो आपला हक्क आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. कमी होतो तो या ॲपवर, त्या ॲपवर, मिळेल तिथे कर्जाचे अर्ज ठोकत सुटल्याने, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते. चारही अहवाल मागवा, कारण ते तंतोतंत सारखे नसतात. माझ्या एका अहवालात कधीच फेडून संपलेलं एक छोटं कर्ज अजून चालू दिसत होतं. ऑनलाइन तक्रार केली, दुरुस्त झालं. तीस दिवसांत तक्रारीचा निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायचा नियम 2024 पासून लागू आहे. त्यानेही भागलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आता मुख्य मुद्दा. पत सुधारायला मुदत ठेवीवर जे क्रेडिट कार्ड काढतात, त्याबद्दल लोक पहिली घाई करतात ती अशी: जुनं खातं तसंच लोंबकळत ठेवून नवं कार्ड काढायचं. यूट्यूबवर तसंच सांगतात. माझं मत उलटं आहे. नव्या कार्डाच्या नियमित नोंदी स्कोअर हळूहळू वर नेतीलही, पण कर्ज देणारा अधिकारी नुसता आकडा पाहत नाही, खाली सरकून प्रत्येक खातं पाहतो. तिथे ‘सेटल्ड’ दिसलं की तो थबकतोच. म्हणून मी आधी त्या जुन्या बँकेत गेले आणि सांगितलं की सेटलमेंटमध्ये सोडलेली उरलेली रक्कम मला भरायची आहे. काउंटरवरच्या मुलीला हे विचित्रच वाटलं; माफ झालेले पैसे कोण आणून देतं! पण अशी सोय असते. लेखी अर्ज द्या, रक्कम लेखी मागा, तोंडी आकड्यावर पैसे भरू नका. पैसे भरल्यावर नो ड्यूजचं पत्र घ्या आणि अहवालात खातं ‘क्लोज्ड’ झालं का ते स्वतः तपासा. बँकेने तुमचं थकीत खातं एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं असेल, तर पैसे आणि पत्र या दोन्हींसाठी तिच्याकडे जावं लागतं. आधी ते कुणाकडे आहे हे अहवालातच शोधा. एकदम एवढी रक्कम जमत नसेल तर कार्ड काढायला हरकत नाही, पण मग अपेक्षा बेताची ठेवा.

मग ठेवीवरचं कार्ड. व्यवहार सरळ आहे. बँकेत मुदत ठेव ठेवायची, बँक तिच्यावर आपला हक्क नोंदवते आणि ठेवीच्या ऐंशी-नव्वद टक्के, कुठे शंभर टक्के, मर्यादेचं कार्ड देते. ठेवीवर व्याज चालूच राहतं. उत्पन्नाचा पुरावा बहुतेक ठिकाणी मागत नाहीत, स्कोअर पडलेला असला तरी सहसा अडवत नाहीत, कारण बँकेचे पैसे सुरक्षित असतात. मी वीस हजारांची ठेव ठेवली, अठरा हजारांची मर्यादा मिळाली. अडीअडचणीला बाजूला काढलेले पैसे मात्र यात घालू नका. कार्ड चालू आहे तोवर ती ठेव मोडता येत नाही, आणि नेमकी दवाखान्याची वेळ आली की हे आठवतं.

काढण्याआधी बँकेत दोनच गोष्टी विचारा. या कार्डाची माहिती चारही कंपन्यांकडे जाते का? आणि वर्षाची फी किती? दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण कार्ड वापरलंच नाही म्हणून लोक स्टेटमेंट उघडत नाहीत, त्यात चार-पाचशे रुपयांची फी लागलेली असते, ती थकते, आणि पत सुधारायला काढलेल्या कार्डावरच उशिराची नोंद पडते. बँका देय तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत थकबाकी म्हणून कळवत नाहीत, उशिराचा दंडही लावत नाहीत. हा नियम आणीबाणीसाठी आहे, सवयीसाठी नाही.

‘नाही भरले तर ठेवीतून वळते करून घेतील, आपलं काय जातं?’ असं आमच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांनी मला विचारलं. जातं ते हे: बँक ठेवीला हात लावते तोवर दोन-तीन महिन्यांची थकबाकी अहवालात चढून बसलेली असते. ठेवीमुळे बँकेचा तोटा वाचतो, आपली पत वाचत नाही.

वापरायचं कसं, यावर मी फार डोकं चालवलं नाही. छापखान्याचं वीजबिल आणि घरचा गॅस, एवढंच त्या कार्डावर. अठरा हजारांपैकी महिन्याला चार-पाच हजारांच्या आत. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या खाली राहावं असं सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे. छोट्या मर्यादेच्या कार्डावर मात्र हे प्रमाण किती पटकन ओलांडलं जातं ते पाहा: एक मिक्सर घेतला की गेलं. मोठी खरेदी करावीच लागली तर स्टेटमेंट निघायच्या आधीच पैसे भरून टाकायचे. अनेकांना वाटतं की देय तारखेला पूर्ण भरलं की प्रश्न मिटला. व्याजापुरता मिटतो. पण बँक तुमची बाकी कळवते ती ठरलेल्या तारखेची, आणि त्या दिवशी कार्ड भरलेलं असेल तर अहवालात तसंच दिसतं. 2025 च्या जानेवारीत ही माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याला कळवायचा नियम लागू झाला, म्हणजे चांगलं आणि वाईट दोन्ही लवकर पोचतं.

पैसे आपोआप भरायची सोय लावताना ‘संपूर्ण देय रक्कम’ निवडा. बऱ्याच ॲपमध्ये आधीपासून किमान रकमेवर खूण केलेली असते, आणि त्याचा हिशोब वर मांडलाच आहे. एटीएममधून या कार्डावर रोख काढू नका. पहिल्या दिवसापासून व्याज, वर वेगळं शुल्क.

मला सगळ्यात जास्त सांभाळावं लागलं ते वेगळ्याच गोष्टीत. रुपे कार्ड असेल तर ते यूपीआयला जोडता येतं. मी जोडलं, कारण सोयीचं वाटलं. मग भाजी, चहा, रिक्षाचं पेट्रोल, सगळं स्कॅन करून त्या कार्डावरच जाऊ लागलं. एकेक रक्कम लहान, पण महिनाअखेरीस मर्यादेच्या निम्म्यावर. लगेच तोडलं. ज्यांचा हात मुळात आखडता आहे त्यांनी खुशाल जोडावं. यजमानांचा नाही, म्हणून त्यांना त्याचा पिनसुद्धा ठाऊक नाही. त्यांच्या नावे पुरवणी कार्ड घ्यावं असंही सुचवण्यात आलं होतं. पुरवणी कार्डाची नोंद मूळ कार्डधारकाच्याच अहवालात जाते, त्याने त्यांची स्वतःची पत काही वाढली नसती. त्यांना हवी असेल तर त्यांनी स्वतःच्या नावाची ठेव ठेवावी, स्वतःचं कार्ड घ्यावं. ज्यांनी आयुष्यात कधी कर्ज घेतलंच नाही, त्यांनाही हाच रस्ता आहे, आणि त्यांचं काम माझ्यापेक्षा लवकर होतं, कारण त्यांना मागचं काही निस्तरायचं नसतं.

स्कोअर किती दिवसांत वाढतो, हे विचारणाऱ्यांना मी सहा महिने तरी तोंड बंद ठेवा म्हणते. पहिले काही महिने काहीच हललं नाही, एकदा तर थोडा खाली आला, नवं खातं उघडल्यामुळे असावा. मग चढू लागला. वर्षानंतर बँकेने आपणहून साधं, बिनठेवीचं कार्ड देऊ केलं. तेव्हा ठेवीवरचं कार्ड लगेच बंद करायचा मोह होतो, कारण आपले वीस हजार अडकलेले असतात. बंद करण्याआधी विचारा, की तेच खातं चालू ठेवून ठेव मोकळी करून मिळेल का. काही बँका करतात. बंदच करायचं असेल तर बाकी शून्य करून लेखी अर्ज द्या. तशा अर्जानंतर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद झालं नाही, तर पुढच्या दर दिवसाला पाचशे रुपये दंड बँकेला लागतो. आणि ठेवीवरचा बँकेचा हक्क उठल्याची पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

मशीनचं कर्ज शेवटी एका सहकारी बँकेने दिलं. अधिकाऱ्यांनी जुन्या खात्यावर बोट ठेवलंच; मागच्या थकलेल्या महिन्यांच्या नोंदी अजून तिथे दिसत होत्या. मी नो ड्यूजचं पत्र पुढे केलं, नव्या कार्डाचे वर्षभराचे कागद पुढे केले. त्यांनी वाचलं, मंजूर केलं आणि व्याजाचा दर शेजारच्या दुकानदारापेक्षा अर्धा टक्का जास्त लावला. घासाघीस करून पाहिली, जमली नाही. वर्षभर हप्ते नीट गेले तर दर कमी करायचा अर्ज घेऊन या, म्हणाले. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.