ओपलच्या गावात खरेदी : खडा कसा पारखावा?

दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरापासून उत्तरेकडे सुमारे ८५० किलोमीटर गेले की उजाड माळरानात कूबर पेडी हे गाव लागते. वस्ती जेमतेम दीड हजाराच्या घरात. १ फेब्रुवारी १९१५ रोजी सोने शोधायला निघालेल्या एका तुकडीतील विली हचिसन या १४ वर्षांच्या मुलाला येथे ओपलचे तुकडे सापडले आणि या ओसाड जागेचे नशीब पालटले.

उन्हाळ्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून लोकांनी टेकड्या पोखरून घरे केली. आत वर्षभर साधारण २३ ते २५ अंश तापमान राहते. हॉटेले, दुकाने, चर्चसुद्धा जमिनीखाली आहेत. गोल्फच्या मैदानावर गवताची काडी नाही. खेळणारा हिरवळीचा छोटा तुकडा सोबत घेऊन फिरतो!

ही गंमत पाहायला पर्यटक येतात. खाणीचे उत्पन्न बेभरवशाचे असते. महिनोन्महिने खणूनही अनेकदा हाती ‘पॉच’, म्हणजे रंग न खेळणारा ओपल येतो. त्याला फारसा भाव नाही. पर्यटकाचा पैसा मात्र हंगामात नियमित येतो. या गावाने आपल्या अडचणीलाच दुसरा धंदा बनवले, हा पहिला धडा.

दुसरा धडा गिऱ्हाइकासाठी आहे. ओपल केवळ वजनावर विकला जात नाही. सारख्या वजनाच्या दोन खड्यांच्या भावात शेकडो पटींचा फरक असू शकतो. रंग किती तेजस्वी आहेत, खडा फिरवला तरी ते दिसतात का, तडा आहे का, यावर भाव ठरतो. तांबडा रंग खेळणारा खडा सहसा महाग.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, खडा अखंड आहे की जोडलेला? बाजारात तीन प्रकार मिळतात. ‘सॉलिड’ म्हणजे संपूर्ण नैसर्गिक ओपल. ‘डब्लेट’ म्हणजे ओपलची पातळ चकती काळ्या पाठीवर चिकटवलेली. ‘ट्रिप्लेट’मध्ये त्यावर काचेचे किंवा स्फटिकाचे पारदर्शक झाकणही असते. जोडखडा विकणे ही लबाडी नव्हे. तो जोडखडा म्हणून, त्याच्या भावाने विकला पाहिजे. जोडखडा अखंड म्हणून विकला गेला की गिऱ्हाईक बुडाले.

पारख अशी करावी. खडा आडवा धरून कडेने पाहावा. सरळ, सुईसारखी रेघ दिसली तर तो जोडलेला असण्याची दाट शक्यता असते. मागून बंद असलेल्या कोंदणात ही रेघ दिसत नाही, म्हणून सुटा खडा पाहणे बरे. कूबर पेडीचा माल मुख्यतः पांढऱ्या, फिकट जातीचा. काळ्या ओपलसाठी न्यू साउथ वेल्समधील लाइटनिंग रिज प्रसिद्ध आहे. तेव्हा येथे काळसर, झगझगीत खडा स्वस्तात मिळत असेल तर आधी चौकशी करावी. जोडखडे पाण्यात भिजत ठेवू नयेत; चिकटवलेल्या थरात पाणी शिरून ते धुरकट होतात.

पावतीवर खड्याचा प्रकार, वजन आणि किंमत लिहून घ्यावी. “तोंडी सांगितले होते” हा पुरावा परदेशातून परतल्यावर कामी येत नाही. एकाच व्यापाऱ्याकडून ३०० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा अधिक किमतीची खरेदी केली आणि ६० दिवसांच्या आत देश सोडला, तर कर-पावती व माल दाखवून विमानतळावर १० टक्के जीएसटी परत मागता येतो. म्हणजे ११०० डॉलरच्या बिलात १०० डॉलर.

एक सावधगिरी जिवाची. गावाबाहेर विहिरीसारखे असंख्य खोल खड्डे उघडे पडले आहेत. फोटो काढताना मागे पाऊल टाकू नका, असे फलकच तेथे लावलेले आहेत. ढिगाऱ्यांत खडे वेचण्याची हौस असेल, तर गावात त्यासाठी मोकळी ठेवलेली जागा आहे. दुसऱ्याच्या खाणीच्या हद्दीत शिरू नये.

थोडक्यात, खणणारा नशिबावर विसंबतो, कारण जमिनीखालचे त्याला दिसत नाही. घेणाऱ्याने नशिबावर विसंबू नये. खडा त्याच्या तळहातावर असतो. पाहून, विचारून, लिहून घेऊन मगच पैसे मोजावेत.